बोट कुठे बांधायची

बोट मे महिन्यात घेतली. ती बांधायची कुठे, यावरून आमच्यात जो घोळ सुरू झाला तो सप्टेंबर संपत आला तरी मिटेना. लीक गावातलं घर विकून झालं होतं, तीस तारखेला किल्ल्या द्यायच्या होत्या, आणि बोट अजून विकणाऱ्याच्याच आवारात उभी होती. सत्तावन्न फूट लांब, सात फूट रुंद, हिरवा रंग, आत चूल, पलंग, सगळं. फक्त पत्ता नाही.

लाजिरवाणी गोष्ट ही, की हे माझ्या बाबतीत घडत होतं. मी डेस्मंड टनिक्लिफ, एकतीस वर्षं कॉल्डन कालव्यावर नोकरी केलेला माणूस. लॉकची, म्हणजे बोटी वर-खाली न्यायच्या हौदांची, जुनी दारं उपसायची, ओकची नवी बसवायची, गाळ काढायचा, ढासळलेला काठ बांधायचा, हा माझा धंदा. या कालव्यावर बोट बांधायची जागा शोधणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं मी चारचौघांत बोलून बसलो होतो. मे महिन्यातच.

आता बोट कुणाला हवी होती, तर माझ्या बायकोला. का हवी होती, हे मला समजलेलं नव्हतं. एव्हरिलला कालव्याचं कधी कौतुक नव्हतं. एकतीस वर्षं मी घरी आलो की दारातच ओरडायची, "बूट बाहेर! तुझा तो कालवा माझ्या गालिचावर आणू नकोस." आणि मग मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की काचबिंदू आहे, खूप पुढे गेलाय, थेंब चालू ठेवा, पण वर्ष, फार तर दोन वर्षं. तिच्या आईचं हेच झालं होतं. आधीच तिला नळीतून बघितल्यासारखं दिसत होतं, मधलं तेवढं. दवाखान्यातून आल्यावर चौथ्या दिवशी ती नाश्त्याला ओटकेक, म्हणजे ओटच्या पिठाची धिरडी, परतता परतता म्हणाली, "देस, आपण बोट घेऊ."

मी मनाशी अर्थ लावून टाकला. बाईला डोळे जायच्या आधी जग बघून घ्यायचंय. झाडं, पाणी, बगळे. मला गहिवरून आलं. ठरवलं, हिला या कालव्यावरची सगळ्यात सुंदर जागा मिळवून द्यायची. तिच्या डोळ्यांत शेवटचं जे काही राहील ते चांगलं असलं पाहिजे. बाकी मला कशाची पर्वा नव्हती.

आमच्या मुलीचा, लॉर्नाचा फोन यायचा. "बाबा, आईचे डोळे चाललेत आणि तू तिला पाण्यावर ठेवतोयस? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"तुझ्या आईलाच विचार."

"विचारलं. ती म्हणते बाबाला विचार."

कालव्यावरचा नियम असा, की कायमची जागा नसेल तर एका ठिकाणी चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही. परवान्याच्या अर्जावर तसं लिहून द्यावं लागतं. मी एव्हरिलला म्हणालो, "मग जागा घ्यायचीच कशाला? फिरत राहू. दर पंधरवड्याला नवा देखावा."

"चौदा दिवसांत मी काय शिकणार?"

"शिकायचंय काय त्यात? बघायचं!"

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी नकळत बुटांकडे पाहिलं. स्वच्छ होते.

मग मी यादी केली आणि तिला गाडीत घालून एकेक जागा दाखवायला निघालो. पहिली जागा खोऱ्यात, बीच वृक्षांच्या झाडीत. जवळ रस्ता नाही, गाडीचा आवाज नाही. पाण्यात आकाश दिसतं. आम्ही पोचलो तेव्हा समोरच्या काठावर एक बगळा सुद्धा उभा होता, जणू मीच सांगून ठेवला होता. एव्हरिलने घडीची खुर्ची उघडली, बसली आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भारावून गेली. पाव तास तशीच. मग उठली, काठापासून झाडीतल्या पायवाटेपर्यंत चालत गेली, ओठ हलत होते, परत आली.

"नको," ती म्हणाली.

"नको? अगं, इथे किती शांत आहे!"

"तेच तर."

"तेच तर म्हणजे?"

"काही ऐकूच येत नाही, देस. चल."

दुसरी जागा होती मरीनात. कालव्याला लागून खोदलेलं मोठं तळं, शंभरेक बोटी, विजेचे खांब, गरम पाण्याची न्हाणीघरं. मला स्वतःला ती आवडत नाही, गाड्यांच्या तळासारखी दिसते, पण म्हटलं शांतता नको तर वस्ती बघू. तिथे बोटीवर जायला लाकडी फळ्यांचा अरुंद तरंगता पूल असतो, दोन्ही बाजूंना पाणी. ती त्या फळ्यांवरून दहा पावलं गेली, थांबली आणि वळून सरळ गाडीत जाऊन बसली. मी मागून धावलो.

"न्हाणीघर बघितलंच नाहीस!"

"न्हाणीघरात राहायचंय का मला?"

तिसरी जागा टेकडीच्या कडेने. तिथून चर्चचा मनोरा, खालची कुरणं, मेंढ्या, सगळं एका दमात दिसतं. आमच्या कामाच्या टोळीतली माणसं तिथे मुद्दाम जेवणाचे डबे उघडायची. तिथे तिने विचारलं, वारा कुठून येतो. मी सांगितलं, सगळीकडून. "मग नको," म्हणाली. आणि पुन्हा तेच. खुर्ची, डोळे बंद, पावलं, ओठ.

मी हात टेकले. एकतीस वर्षांत मला कालव्याने जेवढं छळलं नव्हतं तेवढं या बाईने तीन आठवड्यांत छळलं. रात्र रात्र विचार करायचो, हिला नक्की हवंय काय? मी चुकीच्या झाडांखाली नेतोय का? पाणी जास्त हवंय की आकाश जास्त? सूर्य समोरून हवा की मागून?

शनिवार-रविवार आम्ही विकणाऱ्याच्या आवारातच बोटीवर मुक्काम करत होतो, सवय व्हावी म्हणून. तिथलं तिचं वागणं तर आणखी अजब. मी चहाचा मग धुऊन दुसऱ्या खुंटीवर लावला तर भांडण. किटलीचं नाक चुलीच्या आतल्या बाजूला वळवून ठेवलं तर भांडण. "नाक भिंतीकडे! कितीदा सांगायचं?" मी म्हणालो, किटली आहे, तोफ नाही. एका सकाळी मी पाव घेऊन परत आलो तर ही बोटीच्या मधोमध डोळ्यांवर स्कार्फ घट्ट बांधून उभी.

"डोकं दुखतंय का?"

"हो," म्हणाली. मी पडदे ओढून दिले आणि बाहेर गेलो. वाटलं, डोळ्यांचा ताण असेल, बिचारी.

मग आली हिबर्टची जागा. ती माझ्या यादीत नव्हती, कुणाच्याच यादीत नसेल. आम्ही चौथी जागा बघून परतत होतो, तीही नकोच झाली होती, आणि एव्हरिल एकदम म्हणाली, "इथे थांबव. पाण्याचा आवाज येतोय."

एका लॉकच्या खालच्या अंगाला कोळशाचं जुनं आवार. हिबर्ट तिथे अजून बोटींना कोळशाची पोती आणि गॅसच्या टाक्या विकतो. सत्तरीचा माणूस, कानापर्यंत काळा. पायवाट पलीकडच्या काठाला, आणि अलीकडे त्याचा दगडी धक्का, बोट बांधायला लोखंडी कड्या. धक्क्याच्या मागे विटांची उंच भिंत, भिंतीपलीकडे मासे तळणारं दुकान, कोपऱ्यावर बसचा थांबा. एका बाजूला लॉकचं काळं दार, आणि लॉकच्या बगलेने जादा पाणी सोडायचा जो ओढा असतो तो दिवसरात्र धो धो पडत असतो. त्यावर तळणाचा वास.

एव्हरिलने खुर्ची उघडली नाही. उभी राहिली, डोळे मिटले. धक्क्याच्या कडेचा उंच दगड बुटाने चाचपला. भिंतीवर हात ठेवला आणि हात न काढता चालत कोपऱ्यापर्यंत गेली. परत आली ती हसत. मार्चपासून मी तिला तशी हसताना बघितलं नव्हतं.

"इथे," ती म्हणाली.

"इथे काय?"

"इथे बांधायची बोट. मिस्टर हिबर्ट, जागा रिकामी आहे का?"

"रिकामी आहे की," हिबर्ट म्हणाला, आणि मग माझ्याकडे बघून, "पण टनिक्लिफ, तुझ्या बायकोला हे बरं दिसतंय ना?"

माझा तोल सुटला. हिबर्टसमोर, त्या पोत्यांसमोर, मी ओरडलो. "बगळे दाखवले, खोरं दाखवलं, अख्खी कुरणं दाखवली, आणि तुला कोळशाचं आवार हवंय? शेवटचं काय बघणार आहेस तू? ही भिंत?"

हिबर्ट पोत्यांमागे निघून गेला. एव्हरिल हळू आवाजात बोलली, म्हणजे ती फारच चिडली होती.

"माझ्या आईला आपण घरी आणलं, आठवतं? डोळे गेल्यावर."

"आठवतं. सहा वर्षं होती."

"ती सहा वर्षं कुठे होती, देस?"

मी विचार करून म्हणालो, "आपल्याकडे. पुढच्या खोलीत."

"खुर्चीत होती. आपलं घर तिला शेवटपर्यंत कळलं नाही. जिना, नऊ दारं, कुठून कुठे. एकदा पडली, मग उठलीच नाही खुर्चीतून. आणि आपण ती खुर्ची कुठे ठेवली होती? खिडकीपाशी! आंधळ्या बाईला! वर आपल्याला वाटायचं, किती छान जागा दिली."

मी जवळच्या कोळशाच्या पोत्यावर बसलो.

"बोटीत मी दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. मी हरवू शकत नाही तिथे. म्हणून बोट. आणि इथे पाणी कुठे आहे ते कानाला कळतं, कड कुठे आहे ते पायाला कळतं, भिंत धरून गेलं की बस. मला आत्ताच शिकायला हवं, थोडं दिसतंय तोवर. तुझे बगळे घेऊन मी काय करू?"

तोंडात मारल्यासारखं झालं. मी हो म्हणालो. पण खरं सांगतो, पटलं नव्हतं. समजलं होतं आणि पटलं नव्हतं, या दोन गोष्टी एकाच डोक्यात कशा राहतात मला माहीत नाही, पण राहिल्या. मनात एकच घोळत होतं, की अजून वर्षभर तरी तिला दिसणार आहे, आणि ते वर्ष त्या भिंतीसमोर जाणार.

अठ्ठावीस तारखेला मी बोट घेऊन निघालो. एव्हरिल आत कपाटं लावत होती. दिवसभर पाऊस. हिबर्टच्या लॉकला पोचेपर्यंत अंधारून आलं होतं. हिबर्ट छत्री घेऊन लॉकचं दार उघडायला आला, पाण्याबरोबर बोट खाली उतरली, आणि धक्क्याला लागायच्या आधी मला पुढे काहीतरी दिसलं. लॉकच्या विरुद्ध दिशेला, पुलाच्या कमानीतून, एक विलोचं झाड आणि त्यामागे कुरणाचा एक तुकडा. अख्ख्या आवारात बघण्यासारखं तेवढंच. बोटीचं तोंड तिकडे ठेवलं, तर पुढच्या डेकवर तिच्या बाकावरून नेमकं ते झाड दिसणार होतं.

अर्धा मैल पुढे कालवा रुंद होतो, तिथे लांब बोट वळवता येते. वळवून आणली असती तर तोंड लॉकच्या काळ्या दाराकडे आलं असतं. मी वळवली नाही. आलो तशीच, झाडाकडे तोंड करून, कड्यांना बांधली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटत होतं. आत गेलो तर पडदे ओढलेले, चूल पेटलेली, ती चीज-बेकन घालून ओटकेक करत होती. म्हटलं, "पोचलो. उद्या सकाळी तुला एक गंमत दाखवतो."

सकाळी मी झोपेत असतानाच धप्पकन आवाज आला. बोट हलली. मी अंगातल्या कपड्यांनिशी मागच्या दारातून वर आलो, तर धक्का बोटीच्या उजव्या बाजूला, कोरडा, रिकामा. आणि डाव्या बाजूला एव्हरिल कालव्यात. कमरेपर्यंत पाणी, खाली गाळ, डोळ्यांवरचा स्कार्फ गळ्यात आलेला. दोन्ही हातांनी बोटीचा काठ धरून उभी.

मला सांगायला नको कुणी, तेव्हाच कळलं. विकणाऱ्याच्या आवारात बोटीची डावी बाजू काठाला असायची. मुक्कामाच्या दर सकाळी मी उठायच्या आत ती डोळे बांधून पलंगापासून मागच्या दारापर्यंत यायची, तीन पायऱ्या वर, आणि बोटीच्या डाव्या अंगाला पाऊल टाकून जमिनीवर. महिनाभर. शिकत होती. आणि बोटीचं तोंड फिरलं की काठाची बाजू फिरते, हे कालव्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. एकतीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला सुचलं नाही, कारण तो झाड बघत होता.

मी उडी मारली. मी तिला वर काढलं, की तिने मला काढलं, नीट आठवत नाही. चुलीपाशी बसवलं, दोन ब्लँकेटं, साखर घातलेला चहा. दातांवर दात आपटत होते तिचे. मला वाटलं आता शिव्या येतील. मला त्या हव्याही होत्या. त्याऐवजी ती रडायला लागली. डॉक्टरांकडे रडली नव्हती, घर विकताना रडली नव्हती.

"ओढ्याचा आवाज पाठीमागून यायला हवा, तो समोरून येत होता," ती म्हणाली. "मी पायरीवर थांबले, देस. थांबून ऐकलं. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. वाटलं, एवढं शिकून मला काहीच येत नाही. आईसारखंच होणार माझं."

"तुझं चुकलं नाही," मी म्हणालो. "तुझं बरोबर होतं. बोट मी उलटी बांधली."

"का?"

सांगायची इतकी लाज वाटली. "झाडासाठी. पुलातून एक विलोचं झाड दिसतं. तुझ्या बाकावरून."

तिने नाक पुसलं. मग उठली, ब्लँकेटं गुंडाळून पुढच्या दारापर्यंत गेली, दार उघडून त्या झाडाकडे बराच वेळ बघितलं. नीट, डोकं थोडं थोडं वळवून, नळीतून बघतात तसं एकेक तुकडा.

"छान आहे," ती म्हणाली. "आता बोट वळव."

मी ओल्या पँटीनेच इंजिन चालू केलं. अर्धा मैल खाली जाऊन, पुढचं टोक काठाच्या चिखलात खुपसून, मागचा भाग हळूहळू फिरवत आणला. हे काम मी हजार वेळा केलंय आणि त्या दिवशी दोनदा चुकलो. परत येऊन बांधली तेव्हा डावी बाजू दगडाला, आणि पुढच्या बाकासमोर लॉकचं दार, काळं, गळकं, शेवाळलेलं.

एव्हरिल कोरडे कपडे घालून, डोक्याला टॉवेल गुंडाळून मागच्या दारात आली. डोळे मिटलेले. मी धक्क्यावर उभा राहून हात पुढे केला.

"हात पुढे केलास ना?" ती डोळे न उघडता म्हणाली.

"हो."

"खाली कर."

मी खाली केला. तिने ऐकलं, सवयीच्या बाजूला पाऊल टाकलं, दगड लागला. दुसरं पाऊल. मग भिंत. हात विटांवर, आणि निघाली. मी जागचा हललो नाही. हाक मारावीशी वाटत होती, तोंडापर्यंत आली होती, गिळली. कोपऱ्यावर पोचली तेवढ्यात लीककडे जाणारी बस येऊन थांबली. तिने डोळे उघडले की नाही ते मला पाठीमागून दिसलं नाही. टॉवेल डोक्यावर तसाच ठेवून ती बसमध्ये चढली, आणि बस निघून गेली.

हिबर्ट कोळशाचं पोतं खांद्यावर घेऊन बाहेर आला.

"बाई कुठे गेली रे?"

"माहीत नाही."

"एकटीच?"

"एकटीच," मी म्हणालो, आणि त्याच्यासमोर मला रडू फुटलं. अभिमानाने की भीतीने, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही. "बस आली, आणि ती चढली."